पाच मैलांचे भाऊ

भाऊंनी हातातली वस्तू जमिनीवर ठेवलेली मी कधी पाहिली नाही. बाजारातून भोपळा आणला आणि वाटेत कोणी बोलायला थांबवलं, तर तासभर भोपळा खांद्यावरच. एकदा गावात सत्यनारायण होता. भाऊंनी नारळ नेला आणि तो घ्यायला कोणी पुढे आलं नाही, म्हणून पोथी संपेपर्यंत ते नारळ धरून भिंतीशी उभे राहिले. शेजारच्या एका बाईंनी दोनदा खुणावलं, की ठेवा की खाली. भाऊंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की बाईंनी उरलेल्या अध्यायांत मान वळवली नाही.

अठ्ठावीस वर्षं त्यांनी टपालाची थैली धावत पोचवली होती. थैली भुईला टेकवायची नाही हा त्या नोकरीतला पहिला नियम. नोकरी संपली, नियम राहिला. खरं तर त्यांचं काहीच सुटलेलं नव्हतं.

आमचं गाव गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर, दहा मैल आत. जिल्ह्याचं नाव तेव्हा चांदा. गावाला लागून जंगल खात्याचा लाकडांचा डेपो होता आणि मी तिथे कारकून होतो. मोटार सुरू होण्याआधी गडचिरोलीचं टपाल माणसांच्या पायांनी येई-जाई. दहा मैलांचे दोन टप्पे पाडलेले होते. पहिले पाच मैल भाऊंचे. पाच मैलांवर रस्त्याच्या कडेला एक जुना मोह होता. त्या झाडाखाली पलीकडून दुसरा माणूस येई, थैल्यांची अदलाबदल होई आणि दोघेही आल्या वाटेने परत फिरत. तो दुसरा माणूस मोहापलीकडच्या एका गोंड पाड्यावरचा. त्याला नाव होतं, पण भाऊ त्याला 'पलीकडला' म्हणत, आणि इतक्या जिव्हाळ्याने म्हणत की दुसरं नाव विचारावंसं कोणाला वाटलं नाही.

मग मोटार आली आणि टपाल मोटारीच्या टपावर गेलं. भाऊंना घरी बसवलं, म्हणजे खात्याने बसवलं. भाऊ बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी, नेहमीच्या वेळी, एका गोणपाटात थैलीच्या वजनाचा दगड घालून ते निघाले. हातात टपाल नेताना वाजवायची तीच घुंगराची काठी. मोहापर्यंत गेले, चिलीमभर वेळ तिथे उभे राहिले आणि दगड घेऊन परत आले. टपालाच्या दिवसांप्रमाणे एक दिवसाआड हेच. गावाने चार दिवस हसून घेतलं आणि मग तेही सोडून दिलं, कारण गावाला त्यांचा उपयोग होता. गावात घड्याळं दोन, एक डेपोत आणि एक शाळेत, आणि दोन्ही भांडल्यासारखी निरनिराळी वेळ सांगायची. बायकांना त्यांच्याशी कर्तव्य नव्हतं. भाऊ आता नाल्यावर असतील, भात उतरव. भाऊ परतले असतील, ढोरं सोड. ज्या दिवशी ते जात नसत त्या दिवशीही घराच्या ओट्यावर बसल्या बसल्या मध्येच म्हणत, "आता मी नाल्यावर हाय." आणि खरोखर नाल्याचं पाणी पायाला लागल्यासारखे पाय उचलून घेत.

त्यांना वाचता येत नव्हतं. थैलीत काय असतं याची उत्सुकताही नव्हती. मी एकदा विचारलं, की इतक्या वर्षांत एकदाही वाटलं नाही का, आज कोणाची बातमी नेतोय, लग्नाची की मयताची? भाऊ म्हणाले, वजनाचं तेवढं समजतं, बाकी ज्याचं त्याला. दिवाळीला थैली जड आणि आखाडात हलकी, एवढंच त्यांचं टपालाबद्दलचं ज्ञान. वाटेवरचं ज्ञान मात्र अचाट होतं. पाच मैलांतला प्रत्येक दगड त्यांना चेहऱ्याने ओळखीचा होता. कुठल्या वळणावर अस्वल आडवं येतं, कुठे रेती पाय ओढते, कुठे उन्हाळ्यातही सावली असते, सगळं पाठ. मोहाच्या पुढचं विचारलं, की उत्तर एकच.

"पुढचा टप्पा माझा नाई," एवढंच म्हणत.

हे त्यांचं सगळ्यात विचित्र खूळ. मोहाच्या पुढे त्यांनी आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं. गडचिरोलीला त्यांच्या मेहुण्याचं घर होतं, लग्नाकार्याला जावं लागे, पण मोहाजवळ आलं की भाऊ मागून येणाऱ्या बैलबंडीत बसत. बंडी नसली तर वाट पाहत, मग लग्न लागून जावो. त्यांचं म्हणणं असं, की त्या वाटेवर पलीकडल्याचे पाय चालतात, आपण आपले तिथे घालू नयेत. मी हसलो तर म्हणाले, "तुमच्या कागदावर दुसऱ्यानं सही केली तं चालन का?"

मी गप्प बसलो, कारण त्या दिवसांत माझ्या कागदावर दुसराच सही करत होता.

त्याचं असं झालं. हिवतापाने मला दोन पावसाळे अंथरुणाला खिळवलं. चांद्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितलं, की ताप गेला, आता हिंडा-फिरा. मी घरी येऊन शाल पांघरली. त्रेचाळिसावं वर्ष चालू होतं. वडील चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले होते आणि जाण्याआधी वर्षभर असेच शाल पांघरून बसत असत, त्यामुळे पुढचं मला माहीत आहे अशीच माझी समजूत होती. घरून डेपो, डेपोतली वेताची खुर्ची, खुर्चीतून घर. दहा पावलं भराभर चाललो की छातीत धडधड होई आणि मी लगेच बसून घेई. जंगलात तोड चाले तिथे जाऊन प्रत्येक ओंडक्याचं माप घेणं ही माझी निम्मी नोकरी होती. ती माझ्याऐवजी एक भला फॉरेस्ट गार्ड करी आणि माझं नाव घाली.

नवे रेंजरसाहेब आले आणि त्यांच्या हे महिनाभरात लक्षात आलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला बोलावून सरळ सांगितलं, की जानेवारी संपताना तुमचा प्रकृतीचा कागद वर जाईल आणि मला जे दिसतं तेच मी लिहीन. 'अनफिट' हा एक शब्द लिहिला की माझी नोकरी संपली असती. घरात दोन मुली शिकत होत्या. बायकोला हे सांगितलं त्याच दिवशी तिने माझी शाल धुवायला टाकली आणि तीन दिवस वाळू दिली नाही.

त्याच सुमारास गडचिरोलीला एक हौशी तहसीलदार आले होते. सकाळी अर्धी चड्डी घालून मैदानाला फेऱ्या मारत, यावरूनच त्यांची बरीच चर्चा झाली होती. त्यांनी जाहीर केलं, की सव्वीस जानेवारीला आमच्या डेपोपासून गडचिरोलीच्या शाळेच्या मैदानापर्यंत दौड होईल. दहा मैल. शर्यत नव्हे, मौज. ज्याला वाटेल त्याने यावं, जो पोचेल त्याला एक टॉवेल आणि पोटभर बुंदी. हे पत्रक डेपोत वाचून दाखवलं तेव्हा रेंजरसाहेब हसत म्हणाले, "बाबूजी, तुम्ही यात गडचिरोलीला पोचलात तर मी डोळे मिटून फिट लिहीन." सगळे हसले. मीही हसलो, आणि ते हसू माझ्या फार जिव्हारी लागलं. भाऊ तेव्हा फाटकाशी दगडाचं गोणपाट खांद्यावर घेऊन उभे होते. ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या अंगणात. म्हणाले, "उठा बाबूजी. मोहापर्यंत जाऊन येऊ."

मी हिवताप सांगितला, छाती सांगितली, वडील सांगितले. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि घुंगराची काठी माझ्या हातात दिली. ती घ्यावीच लागली, कारण ते खाली ठेवणार नव्हते हे मला माहीत होतं.

पहिल्या दिवशी मी गावाच्या हद्दीपर्यंतसुद्धा पोचलो नाही. त्वेषाने पळालो, शंभर पावलांत श्वास फुलला आणि एका बांधावर जाऊन बसणार तेवढ्यात भाऊंनी दंडाला धरून उभं केलं. धापा टाकत मी विचारलं, की निदान बसू तरी द्याल का. भाऊ म्हणाले, "आता माह्याशी बोलता येते का? बोला. नाई येत. मंग तुमी पळून राह्यले नाई, तुमी भिऊन राह्यले."

हे वाक्य मी नंतर अनेकांना ऐकवलं आहे, पण त्या दिवशी मला त्याचा राग आला. राग आला म्हणूनच दुसऱ्या दिवशी गेलो.

त्यांची शिकवण्याची रीत अशी, की काठी माझ्या हातात आणि ते मागे. पुढे कधी झाले नाहीत. ते माझे पाय पाहत नसत, घुंगरू ऐकत. घुंगरू एकसारखं वाजलं तर चाल बरोबर. घाई झाली की ते खडखडे आणि मागून आवाज येई, "कोन लागलं मागं?" रेंगाळलो की म्हणत, "थैली झोपली." ते ज्याला धावणं म्हणत ते धावणं नव्हतंच. ती एक दुडकी चाल होती, म्हातारी बाईसुद्धा पाहून हसेल अशी, पण ती दिवसभर चालू शके. बोलता आलं पाहिजे ही अट. सुरुवातीला मी मुलींची नावं घेत असे, मग पाढे म्हणू लागलो, मग डेपोतल्या लाकडांचे प्रकार. सागवान, बीजा, ऐन, धावडा. ऐनापर्यंत श्वास टिकला तर भाऊ खूश. भाऊ खूश झाले की तुंब्यातलं पाणी आधी मला देत.

धानाची कापणी झाली होती. शेतांत पेंढ्यांचे पुंजणे लागले होते आणि मळणीवरच्या बायका आम्हाला पाहून तोंडाला पदर लावत. बाबूजीले भाऊची हवा लागली, असं गावभर झालं. बायको एकदा भाऊंना म्हणाली, "भाऊ, यांना वाटेत काही झालं तर?" भाऊंनी तिला उत्तर दिलं ते असं, की अठ्ठावीस वर्षांत माझी एकही थैली वाटेत राहिली नाही. तिला ते उत्तर वाटलं की नाही कोण जाणे, पण दुसऱ्या दिवसापासून ती मला उठवू लागली.

डिसेंबरात एका सकाळी मी कुठेही न थांबता मोहाला पोचलो. झाडाला हात लावला आणि मला रडू आलं, हे लिहायला आता लाज वाटत नाही. छाती धडधडत होती, पण ती माझीच छाती आहे आणि कामाला लागली आहे असं प्रथमच वाटलं. भाऊंनी चिलीम काढली. चिलीम ओढताना ते नेहमी पलीकडच्या वाटेकडे तोंड करून उभे राहत. ती वाट वळणावर सालईच्या झाडांत शिरायची. त्या दिवशी मी विचारलं, की पलीकडले अजून येतात का? भाऊ म्हणाले, "मोटार लागली तेव्हापासून नाई आला. काऊन येईन? त्याच्यापाशी दगड नाई." मग त्या वळणाकडे पाहत म्हणाले, की अठ्ठावीस वर्षं दोघं इथे भेटलो, पण थैली हातात, परत फिरायची घाई. कधी खाली बसून बोललो नाही.

आता मी केलेला मूर्खपणा सांगायला हवा. मी दिवसभर घनफुटांचे हिशेब करणारा माणूस. दौड दहा मैलांची आहे हे मला पाठ होतं. तरी दीड महिना आम्ही दोघं 'पोचणं' हा शब्द मोहासाठीच वापरत होतो. मोहाला पोचलो की तयारी झाली, तिथून आरामात चालत परत. उरलेले पाच मैल जसे काही दुसरा कोणी धावणार होता. जानेवारी उजाडल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी म्हटलं, "भाऊ, पुढचे पाच मैल?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याही हे लक्षात आलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. मी म्हटलं, चला, आज मोहाच्या पुढे जाऊ. ते झाडाखालून हलले नाहीत. मी एकटाच निघालो. वळणापर्यंत गेलो, सालईत शिरलो आणि मागे पावलांचा आवाज नाही, कोणाचा श्वास नाही, हे जाणवलं. पाय थांबले. दमले नव्हते, थांबले. दोन वेळा प्रयत्न केला आणि परत आलो. भाऊ माझ्याकडे न पाहता म्हणाले, की पायांना तेवढंच ठाऊक आहे. त्यांचा आवाज अपराध्यासारखा होता. मला त्यांचा संताप आला होता आणि तो मी बोलूनही दाखवला. म्हटलं, तुमच्या या खुळापायी माझी नोकरी जाणार.  परतीची पाच मैलांची वाट आम्ही दोघं मुक्याने चाललो.

पुढे तीन दिवस भाऊ आले नाहीत. तिसऱ्या दिवशी तर गावात भात करपला, कारण भाऊ नाल्यावर कधी होते ते कोणालाच कळलं नाही. चौथ्या दिवशी आले, जणू काही झालंच नव्हतं, आणि आम्ही पुन्हा मोहापर्यंत जाऊ लागलो. पुढच्या पाच मैलांचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. मनातून मी हरलो होतो, पण सकाळी उठायची सवय लागली होती.

सव्वीस जानेवारीला डेपोसमोर पन्नासेक माणसं जमली. शाळेतली पोरं, गार्ड, एक पोलीस शिपाई, डेपोतले करवतवाले. काठी घेऊन धावता येणार नाही असं तहसीलदारांच्या माणसाने सांगितलं, तेव्हा भाऊंनी माझ्या हातून काठी घेतली आणि आपण दौडीत नाही, आपल्या कामाला चाललो आहोत असं त्याला सुनावलं. शिटी वाजली. सगळे उधळले. मी आणि मागे भाऊ, आमच्या दुडक्या चालीने. पहिल्या मैलात पोलीस शिपाई झाडाखाली ओकताना दिसला. मी त्याला मोठ्याने नमस्कार म्हटलं, मला अजून बोलता येत होतं म्हणून. नाला ओलांडला. मागे घुंगरू एकसारखं वाजत होतं. सागवान, बीजा, ऐन, धावडा. मी खुशीत होतो म्हणायला हरकत नाही, फक्त मोह जवळ येत होता.

मोह आला आणि पाय थांबले. मला वाटलं होतं तसेच, कोणी आज्ञा केल्यासारखे. डोळ्यांपुढे रेंजरसाहेबांचा कागद आला, मुली आल्या. मी खाली बसणार, तोच भाऊंनी मागून काखेत हात घालून मला उचलून धरलं. सत्तरीकडे झुकलेला माणूस, पण पकड लोखंडी.

"भुईले टेकवाचा नाई," ते म्हणाले. मला नव्हे, समोर कोणाला तरी.

झाडाच्या पलीकडच्या अंगाला एक माणूस उभा होता. काळासावळा, सडपातळ, डोक्याला लहानसं फडकं, हातात तशीच घुंगराची काठी. वयाने भाऊंच्याच आगेमागे. त्याने जोहार केला. भाऊंनीही जोहार केला. मग भाऊंनी माझं मनगट धरलं आणि थैलीचा बंद द्यावा तसं त्याच्या हातात दिलं.

"सील साबूत हाय," भाऊ म्हणाले. "वजन जरासं जास्त."

पलीकडल्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. हसला नाही. म्हणाला, "घेतली." आणि माझं मनगट न सोडता वळला आणि धावू लागला, म्हणून मलाही धावावं लागलं.

त्याची रीत वेगळी होती. तो पुढे असे. वळणावर मनगट सोडलं आणि नुसती काठी वाजवत राहिला, मी त्या आवाजाच्या मागे. त्याच्या घुंगराची चाल भाऊंच्या घुंगराशी तंतोतंत जुळत होती. अठ्ठावीस वर्षं दोघांनी एकमेकांना फक्त येताना आणि जाताना ऐकलं होतं. सालईचं बन गेलं, एक ओढा गेला, मोकळी शेतं लागली. पाय अनोळखी वाटेवर चालत होते आणि त्यांना कोणी थांबवत नव्हतं.

बोलता आलं पाहिजे म्हणून मी त्याला विचारलं, तुम्हाला निरोप कोणी दिला? त्याने थोड्या थोड्या शब्दांत जे सांगितलं ते ऐकून मी एकदा ठेचकाळलो. भाऊ माझ्याकडे आले नव्हते त्या तीन दिवसांत त्याच्या पाड्यावर गेले होते. चालत. मोहाच्या पुढे दोन मैल, बंडीशिवाय. पाड्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले, वहाणा हातात, आणि आत येईनात. याला बोलावून आणलं तेव्हा आधी म्हणाले, तुझ्या टप्प्यावर पाय टाकला, माफ कर. मग माझी गोष्ट सांगितली. याच्या बायकोने आंबील दिली ती उभ्यानेच प्यायले. बसा म्हटलं तर म्हणाले, दौड होऊ दे, मग बसू.

"मी म्हनलं, वाट काय माही हाय का? सरकारची हाय," पलीकडला म्हणाला. "तो म्हनते, नाई, तुही."

मला त्या क्षणी भाऊंशी बोललेला एक एक शब्द आठवला. खुळापायी म्हणालो होतो. मी रडत धावलो, आणि रडताना श्वास कसा सांभाळायचा हे भाऊंनी शिकवलेलं नव्हतं, ते मी माझं शिकलो.

मैदानावर पोचलो तेव्हा पताका उतरवणं चाललं होतं. तहसीलदार जेवायला गेले होते. बुंदीच्या पातेल्यात तळाशी चुरा उरला होता. माझ्यामागे कोणी नव्हतं, जे वाटेत बसले होते ते मोटारीने आले होते. रेंजरसाहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले.  मग स्वतः टॉवेल आणून माझ्या खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "कागद उद्या लिहितो, बाबूजी. डोळे उघडे ठेवून."

मी बसणार होतो. आता बसायला हरकत नव्हती. पण पलीकडल्याने मला पुन्हा मनगटाला धरलं आणि पाहुण्यांच्या रांगेत बसलेल्या पोस्टमास्तरांसमोर नेऊन उभं केलं. "पावती," तो म्हणाला. पोस्टमास्तर त्याला वर्षानुवर्षं ओळखत होते. ते आधी हसले, आज सुट्टी आहे म्हणाले. तो हलला नाही. मी धापा टाकत थोडक्यात सांगितलं, की मोहापासून मी यांच्या ताब्यात आहे. पोस्टमास्तरांचं हसू गेलं. त्यांनी खिशातून पेन काढलं, माझ्या छातीवरची नंबराची चिठ्ठी सोडवून घेतली, तिच्या मागे काही लिहिलं आणि सही केली. पलीकडल्याने ती घडी करून डोक्याच्या फडक्यात खोवली आणि बुंदीला हातही न लावता आल्या वाटेने धावत निघून गेला. भाऊ मोहाखाली थांबलेले होते.

त्यानंतर पंधरा वर्षं मी त्याच जंगलात नोकरी केली. प्रत्येक ओंडका स्वतः मोजला. चव्वेचाळिसावं वर्ष आलं आणि गेलं, ते मला कामाच्या गडबडीत कळलंही नाही. मुली शिकल्या. आज मी वडिलांपेक्षा कितीतरी म्हातारा आहे आणि यातल्या सगळ्यासाठी मी एका माणसाचं देणं लागतो, ज्याला माझं पूर्ण नावही ठाऊक नव्हतं. आभार मानायचं मी ठरवलं होतं. वाक्यंही तयार केली होती.

दौडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर दोघे बसले होते, भाऊ आणि पलीकडला, आणि त्यांच्यामध्ये एकच चिलीम. दोन्ही काठ्या भिंतीला टेकवलेल्या. पलीकडला रात्री इथेच राहिला होता. मी बोलायला तोंड उघडलं तर भाऊंनी हाताने थांबवलं आणि ती चिठ्ठी माझ्यापुढे धरली. दोघांनाही वाचता येत नव्हतं. रात्रभर ती तशीच हातात होती.

"काय लिवलं हाय?"

मी वाचलं. मोहावरून निघालेला एक नग गडचिरोलीस मिळाला. स्थिती चांगली.

"अजून एकदा वाचा."

मी पुन्हा वाचलं. भाऊंनी चिठ्ठी परत घेतली, उलटसुलट पाहिली. मला वाटलं, आता ते माझ्याबद्दल काही बोलतील. त्यांनी पलीकडल्याकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षं दिवसाआड त्यांनी मोहाखाली थैली दुसऱ्याच्या हातात दिली होती आणि पाठ फिरवली होती. तिचं पुढे काय झालं हे त्यांना कधी कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

"म्हंजे पोचत होत्या," भाऊ हळूच म्हणाले.

"साऱ्याच्या साऱ्या," पलीकडला म्हणाला.

भाऊंनी चिलीम त्याच्या हातात दिली आणि मला बसायला जागा केली.